लाल दोऱ्याचं वांगं

काका, तुमच्या प्रार्थनासभेत सहा जण बोलले आणि सहाच्या सहा जण म्हणाले, "साळवेजी बहुत शांत आदमी थे." मला ठसका लागला. खरंच लागला, नाटक नव्हतं. आईने मांडीला चिमटा काढला. पण तुम्हीच सांगा, शांत? तुम्ही? मटारच्या वेलीला काठी उलट्या बाजूने लावली म्हणून सातव्या मजल्यापर्यंत ऐकू जाईल असे ओरडणारे तुम्ही? शांत तर तुम्ही फक्त माझ्याशी होतात. तेही शेवटचे सात महिने. नोव्हेंबर ते जून, मोजून घ्या.

आई म्हणाली, मराठी मंडळाच्या अंकासाठी साळवे काकांवर लिही, तू मळ्यात कायम त्यांच्या मागे मागे असायचीस, चांगलं चांगलं लिही. मी हो म्हटलं. आता बसलेय लिहायला आणि चांगलं चांगलं येतच नाहीये. राग येतोय. तर मग रागच लिहिते. बोटं थांबत नाहीयेत, शुद्धलेखनाचं मंडळातलं कोणीतरी बघेल, तुम्ही तर नाहीच आहात लाल पेन घेऊन.

पहिल्यापासून सांगते, म्हणजे तुम्हाला "मी असं कधी बोललो?" म्हणता येणार नाही.

तीन वर्षांपूर्वी मी तुमच्याशी भांडायलाच खाली आले होते. आठवतंय? घरून काम करत होते, ऑफिसचा कॉल चालू, आणि खिडकीतून असा वास की बस. खाली बघितलं तर द्वारकेच्या आपल्या सोसायटीची मागची भिंत, एका बाजूला जनरेटर, दुसऱ्या बाजूला कचऱ्याचे डबे, मधे उरलेल्या पट्टीत चौदा वाफे आणि त्यात फावडं घेऊन तुम्ही. मी हिंदीत सुरू केलं, "अंकल, ये क्या डाल रहे हो, पूरा टॉवर बास मार रहा है." तुम्ही मराठीत म्हणालात, "जाधवांची ना तू? सी टॉवर? नाक आहे वाटतं. चांगलं आहे." आणि ओंजळभर काळं काहीतरी माझ्या नाकाखाली धरलंत. मी ओरडणारच होते पण वास आला तो पावसाळी रानाचा. "तुझ्या खिडकीत येतोय तो कच्च्या शेणाचा वास. हे मुरलेलं. फरक कळला? मग ऐक, अकरा नंबरचा वाफा रिकामा आहे."

मी तक्रार करायला आले होते. वाफा घेऊन वर गेले. कॉलवर सगळे "हॅलो, हॅलो" करत होते.

मला एकही शब्द येत नव्हता तुमचा. खुरपं मागितलंत की मी आख्खी पेटी उचलून आणायचे. आळं म्हणजे काय विचारलं तेव्हा तुम्ही आभाळाकडे बघून म्हणालात, "परमेश्वरा, ही मराठी शाखा दिल्लीत येऊन वाळली." पण शिकवलंत. ओरडत शिकवलंत. मी मेथी अशी पेरली होती की जणू हळद-कुंकू वाहतेय, चिमटी चिमटीने, लांब लांब. तुम्ही माझ्या हातातून वाटी काढून घेतलीत आणि मूठभर फेकलीत. "मेथीला गर्दी लागते. लोकांत वाढते ती."

आणि ती उगवली ना काका! चौथ्या दिवशी! मी ऑफिसच्या कॉलवर किंचाळले. मॅनेजर म्हणाला, सब ठीक? मी म्हटलं, सर, मेथी आली. तेविसाव्या दिवशी पहिली जुडी खुडली, आईने पराठे केले, बाबा ऑफिसला डबा घेऊन गेले आणि सगळ्यांना सांगत सुटले की माझ्या मुलीने पिकवलीये. बाबांनी माझ्या नोकरीबद्दल असं कधी कोणाला सांगितलं नाही.

हे सगळं तुमच्यामुळे झालं. हे मान्य आहे. लिहिलं. आता पुढे.

तुमच्या शर्टाच्या खिशात मिठाची पुडी असायची. वर्तमानपत्राची. डिसेंबरच्या उन्हात मुळा उपटायचा, नळाखाली धुवायचा, मिठात बुडवायचा आणि कचकन. शेजारच्या वाफ्यातल्या रावत आंटी गाजरं आणायच्या, मी मटार. मटार कधी वर घरी गेलाच नाही. तुम्ही म्हणायचात, "मटार घरापर्यंत पोचला तर माळी कच्चा." दर दोन मिनिटांनी डोक्यावरून विमान जायचं, एवढं खाली की चाकं दिसायची, आणि काही म्हणजे काही ऐकू यायचं नाही. बाकीचे लोक ओरडून बोलतात. तुम्ही नाही. तुम्ही बोट वर करायचात, तोंड अर्धं उघडं, विमान जाईपर्यंत तसेच पुतळ्यासारखे, आणि ते गेलं की ज्या शब्दावर थांबलात तिथूनच पुढे. एकदा "मूर्ख" मधल्या "मू" वर थांबला होतात. मला आख्खं विमान जाईपर्यंत माहीत होतं काय येणार आहे. आंटी हसून हसून स्टुलावरून पडल्या.

मी त्याचे व्हिडिओ काढायचे. ते तुम्हाला आवडायचं नाही. "ए रीलवाली, फोन ठेव, तण काढ." आपलं यावर कायम भांडण. मी म्हणायचे काका, लोकांना दिसलं तर लोक पण लावतील. तुम्ही म्हणायचात, दिसून कोणी काही लावत नाही, मातीत हात घालून लावतात. मी म्हणायचे, मग सांगत जा ना, शिकवत जा, पाट्या लावा, कुठे काय पेरलंय, कशाला हात लावायचा नाही. तुम्ही म्हणायचात, "मळ्यात पाट्या नसतात. ज्याला कळतं त्याला कळतं."

हे वाक्य. हेच ते वाक्य, काका. याच्यावरच मला आज तुमच्याशी भांडायचंय.

तुमच्या तीन नंबरच्या वाफ्यात काटेरी वांगी होती. जांभळी, पांढऱ्या रेघांची, देठाला असे काटे की हातमोजे घाला. एस्तेर काकूंनी लग्नात नगरहून बी आणलं होतं, तेव्हापासून दर वर्षी त्याच झाडांचं बी धरायचं आणि पुढच्या वर्षी तेच पेरायचं. सरकारी क्वार्टरच्या अंगणात, मग दुसऱ्या क्वार्टरच्या गच्चीवर, मग इथे. काकू गेल्या तरी वांगी चालू. हे मला आता माहीत आहे. तेव्हा एवढंच माहीत होतं की ती "सुपर टेस्टी" आहेत आणि काका ती भरून करतात.

ऑक्टोबरमध्ये एका वांग्याला तुम्ही लाल दोरा बांधलात. सगळ्यात चांगल्या झाडाचं, सगळ्यात देखणं वांगं. मी लगेच विचारलं. विचारलं होतं! हे लक्षात ठेवा. मी म्हटलं, "काका, तुम्ही ख्रिश्चन असून कलावा बांधता? नजर लागू नये म्हणून? सो क्यूट!" माझं काय चुकलं सांगा? मी दिल्लीत वाढलेय. इथे लाल दोरा पिंपळाला, नळाला, नव्या स्कूटरला, ऑफिसच्या प्रिंटरला पण बांधलेला बघितलाय मी. लाल दोरा म्हणजे नजर नाहीतर मन्नत, तिसरं काही मला माहीतच नव्हतं.

तेव्हा एक वाक्य बोलायचं होतं तुम्ही. एक. "हे बियाण्याचं आहे, तोडायचं नाही." पाच शब्द. त्याऐवजी काय म्हणालात? "दोरा आहे. दोऱ्याला कुठला धर्म." आणि स्वतःच खूश होऊन हसलात. मी पण हसले. व्हिडिओ पण टाकला, काकांचं लकी वांगं.

मग ते वांगं वाढत गेलं. बाकीची तोडून खाल्ली, हे तसंच. फुगलं, जांभळं होतं ते पिवळं पडायला लागलं. तुम्ही चार दिवस लेकीकडे, रूथताईकडे, फरीदाबादला गेला होतात. मला वाटलं, काका विसरले, वाया जाणार. नजर काढायची होती ती काढून झाली असेल. मी ते तोडलं. गॅसवर भाजलं. भरीत केलं. साल जाड, आत बियाच बिया, कडू जहर, तरी मी कांदा, दाणे, कोथिंबीर काय काय घालून ते सुधारलं आणि तुम्ही आलात त्या संध्याकाळी डबा घेऊन तुमच्या दारात. नाचत आले होते हो मी. नाचत.

"काका, सरप्राइज! भरीत!"

तुम्ही डबा उघडलात. चमच्याने जरा हलवलंत. खूप वेळ बघितलंत.

"कुठलं वांगं?"

"तेच, लाल दोऱ्याचं! पिवळं पडत होतं, म्हटलं वाया जाईल."

तुम्ही डबा बंद केलात. झाकण दोनदा दाबलंत, नीट लागलं का ते. मला अजून कळलं नव्हतं. मी विचारलं, काय झालं, आवडत नाही का भरीत? तुम्ही म्हणालात, "बाकीची झाडं मी जायच्या आधी उपटली. थंडीचा वाटाणा लावायचा होता. ते एकच ठेवलं होतं बियाण्यासाठी."

मी म्हटलं, "मग बिया आहेत ना यात! काढून देते, धुऊन देते..."

"भाजलेली बी उगवत नाही. एवढं पण शिकवलं नाही का कोणी?"

आणि दार लावलंत. आपटलं असतंत तर बरं झालं असतं. हळू लावलंत.

दुसऱ्या दिवशी मळ्याच्या ग्रुपवर तुमचा मेसेज, हिंदीत, सगळ्यांना कळावा म्हणून: "बीज का बैंगन चोरी हो गया है. चोर ने भरता भी बना लिया. चोर अपने ही बीच का है." चोर. काका, मी तुमच्या दारात डबा घेऊन आले होते! चोर डबा घेऊन येतो का? चौदा घरांनी वाचला तो मेसेज. आईने वाचला. बाबांनी वाचला आणि फोन पालथा ठेवला, ते जास्त लागलं.

मी रावत आंटींकडे रडत गेले. मला वाटलं त्या माझी बाजू घेतील. त्या म्हणाल्या, "अरे बेटा, वो तो बीज वाला था. हमारे पहाड़ में भी बाँधते हैं. तुझे नहीं पता था?" म्हणजे सगळ्यांना माहीत होतं. सोसायटीच्या माळीबुवांना, आंटींना, गेटवरच्या गार्डला सुद्धा. ज्याला कळतं त्याला कळतं. एकटी मीच ती, जिला कळत नव्हतं, आणि जिने विचारलं होतं.

तीनदा माफी मागितली मी. पहिल्यांदा दारात, तुम्ही आतून टीव्हीचा आवाज वाढवलात. दुसऱ्यांदा नर्सरीतून चार जातींच्या वांग्यांचं बी आणून तुमच्या पायरीवर ठेवलं. ते तुम्ही गार्डकडे देऊन मला परत पाठवलंत, "बोलना, ग़लत घर में आ गया." तिसऱ्यांदा चिठ्ठी लिहिली, मराठीत, दोन पानं, आईकडून तपासून. तिचं काय झालं मला माहीत नाही. असं ऐकलं की त्यात तुम्ही लसूण गुंडाळून आंटींना दिलात. आंटी शपथेवर नाही म्हणतात. पण त्या हसत होत्या.

आणि मग सुरू झालं तुमचं ते, त्याला काय म्हणू, हातभर अंतरावर उभं राहून दुसऱ्याकडून निरोप देणं. मी समोर, तुम्ही समोर, मधे एक नळ. आणि तुम्ही: "रावतजी, ग्यारह नंबर वालों से कहिए, पानी बंद करें." आंटी बिचाऱ्या माझ्याकडे बघून, "बेटा, पानी बंद कर." मी: "आंटी, तीन नंबर वालों से कहिए, बंद ही है." विमान आलं की तुम्ही बोट वर करायचात, पण माझ्याकडे न बघता. मला त्याचाच सगळ्यात जास्त राग यायचा, माहीतेय? माझ्यासाठी थांबत पण नव्हतात आणि थांबत पण होतात.

मी मळा सोडला नाही. सोडला असता तर तुम्ही जिंकला असतात. उलट तुमच्या नाकावर टिच्चून असे टोमॅटो पिकवले की आंटींनी फोटो काढले. आख्ख्या मळ्यात फक्त तुम्हीच एक सुद्धा टोमॅटो चाखला नाहीत. रोज माझ्या वाफ्यापाशी चाल मात्र हळू व्हायची. मी बघायचे. मी सगळं बघायचे.

पण रोज सकाळी खाली जाताना तीन नंबरकडे बघवायचं नाही मला. तिथे वाटाणा होता, मग पालक, मग काही नाही. आणि मला वाटायचं, मी संपवलं. एस्तेर काकूंनी नगरहून आणलेलं, इतकी वर्षं इतक्या क्वार्टरांतून फिरलेलं, आणि मी गॅसवर भाजून टाकलं. दाणे घालून. सात महिने मी वांग्याची भाजी खाल्ली नाही. घरात केली की उठून जायचे. आई म्हणायची, पुरे आता, एक वांगं होतं. ते एक नव्हतं ना, आई.

मेमध्ये ती मोठी आंधी आली. दुसऱ्या दिवशी सकाळी खाली आले तर सगळ्यांचे मांडव आडवे. माझ्या दोडक्याचा मांडव उभा. कोणीतरी बांधून ठेवलेला. दोऱ्यांनी नाही, कापडाच्या पट्ट्यांनी. निळ्या रेघांचा पायजमा. आख्ख्या सोसायटीत तो पायजमा एकाच माणसाचा.

मी काय केलं सांगू? सोडल्या सगळ्या पट्ट्या. एकेक. घडी करून तुमच्या वाफ्याच्या कडेला ठेवल्या, वर वीट ठेवली, उडू नयेत म्हणून. बोलायचं नाही आणि माझ्या मांडवाला हात लावायचा? असं कसं चालेल? आधी बोला. माझी सुतळी बांधली. संध्याकाळपर्यंत मांडव पडला. दोन वेली मोडल्या. तुम्ही बाजूने गेलात, बघितलंत आणि आंटींना सुद्धा काही सांगितलं नाहीत.

त्यानंतर पाच आठवड्यांनी एका सकाळी तुम्ही पाणी घालायला खाली आलाच नाहीत. आंटींनी दार वाजवलं. पुढचं मला लिहायचं नाहीये.

आता ऐका. आता खरं भांडण.

रूथताई घर आवरायला आली. आईने मला पाठवलं, तिला मदत कर, चहा घेऊन जा. सात महिन्यांनी तुमच्या घरात पाऊल ठेवलं मी. ताई फ्रिज रिकामा करत होती, काळ्या पिशवीत सगळं टाकत. मी चहा ओतत होते. ताई म्हणाली, "पप्पांनी तुला चोर म्हटलं होतं ना ग्रुपवर? मला पाठवला होता मेसेज. फार अभिमानाने."

मी म्हटलं, "हो. मग बोललेच नाहीत."

"किती महिने?"

"सात."

ताई हसली. "माझ्याशी तीन वर्षं बोलले नव्हते. माझ्या लग्नावरून. काय काय केलं मी, आईने केलं, पास्टर येऊन गेले. काही नाही. मग एक दिवस फोन आला. पप्पा म्हणाले, 'तिकडे भेंडी लावलीस का? आता लावली नाहीस तर उशीर होईल.' बस. सुरू. जसं काही काल बोललो होतो."

"मग तू काय म्हणालीस?"

"काय म्हणणार? लावली भेंडी."

असं बोलता बोलता तिने फ्रिजच्या दारातल्या कप्प्यातून एक छोटी औषधाची बाटली काढली, लेबल न वाचताच माझ्या हातात दिली. "हे पण औषधच असेल, टाक त्यात."

मी लेबल बघितलं. तुमचं अक्षर. ते बारीक, डावीकडे झुकलेलं. "काटेरी. एस्तेर. मागच्या वर्षीचं." आत अर्धी बाटली बी. फिकट, चपटं, तिळाएवढं.

काका.

तुमच्याकडे बी होतं.

तुमच्याकडे बी होतं! सगळा वेळ! त्या संध्याकाळी तुम्ही "ते एकच ठेवलं होतं" म्हणालात तेव्हा तुमच्या फ्रिजमध्ये, माझ्यापासून दहा पावलांवर, लोण्याच्या शेजारी अर्धी बाटली होती! मी जिन्यात बसून रडले होते तेव्हा होती. चिठ्ठी लिहिली तेव्हा होती. मी वांगी खाणं सोडलं, तीन नंबरकडे बघणं सोडलं, आणि तुम्ही रोज दूध काढायला तो फ्रिज उघडत होतात!

मी खूप विचार केला, म्हणजे तुमची बाजू पण घेऊन बघितली. विसरला होतात? तुम्ही? ज्याने कुठल्या साली कुठल्या भोपळ्याला भुरी पडली ते सांगावं? नाही. मला धडा शिकवायचा होता? किती महिन्यांचा होता तो धडा? की तुम्हाला पण थांबवता येत नव्हतं, आणि तुम्ही भेंडीसारखा काहीतरी मुहूर्त शोधत होतात? मला वाटतं हे शेवटचं. पण मला ते वाटून काय उपयोग? ताईला तीन वर्षं मिळाली. माझा नंबर लागायच्या आधीच तुम्ही उठून गेलात. हे चीटिंग आहे. याला दुसरा शब्द नाही.

मी ती बाटली पिशवीत टाकली नाही. खिशात टाकली. ताईला सांगितलं नाही. तिच्या आईचं बी, तिच्या घरातून, तिच्या समोर. आता बिनधास्त म्हणा चोर. आता खरंच आहे.

त्याच दिवशी आइसक्रीमच्या डब्याला खाली भोकं पाडली, मुरलेलं खत आणि माती निम्मी निम्मी, बी रात्रभर भिजवायचं असं तुम्ही सांगितलं होतं तसं भिजवलं, दुसऱ्या दिवशी पेरलं. नखाएवढं खोल. वर गोणपाट, कारण जूनचं ऊन. दिवसातून दोनदा हाताने शिंपडायचं, नळ नाही. बघा, सगळं येतं मला. तुमच्याच आवाजात येतं, ओरडण्यासकट. मागच्या वर्षीच्या पण मागचं बी, उगवेल की नाही कोणाला विचारू? एकच माणूस होता विचारायला.

आज नववा दिवस. सकाळपासून काही नव्हतं. थांबा, लिहिता लिहिता एकदा बघून येते.

आले.

काका, चार! चार रोपं आलीत! पाचवं अजून वाकलेलं आहे, मातीतून मान काढतंय, टरफल डोक्यावर टोपीसारखं! आईला हाक मारली, ती लाटणं घेऊनच आली. आंटींना फोटो पाठवला. आणि मग कसं काय माहीत नाही, रूथताईला फोन लावला आणि सगळं एका दमात सांगून टाकलं. बाटली, लेबल, खिसा, चोरी, चार.

ती बराच वेळ काही बोलली नाही. मला वाटलं झालं, हिचीही तीन वर्षं सुरू.

मग म्हणाली, "आईच्या हातची वांगी शेवटची कधी खाल्ली ते मला आठवत पण नाही. पहिलं वांगं मला."

मी म्हटलं, "पहिलं नाही ताई. पहिलं चांगलं वांगं बियाण्याला."

"अगं बाई. ही पप्पांचीच निघाली. बरं, दुसरं."

मी तुमच्यासारखी नाहीये. हे मात्र इथेच स्पष्ट करते. ताईला मी एका दिवसात नाही तरी नऊ दिवसांत सांगितलं. तुम्हाला सात महिने पुरले नाहीत. आणि अजून एक गोष्ट मी तुमच्यासारखी करणार नाहीये. रोपं अजून दोन पानांची आहेत, लाल दोरा बांधायला ऑक्टोबर उजाडेल, पण मी पाटी आजच केली. जुन्या कपाटाची फळी, पांढरा ऑइलपेंट, मराठीत, हिंदीत, इंग्रजीत:

"लाल दोरा बांधलेलं फळ बियाण्यासाठी राखलेलं आहे. तोडू नका. काही कळलं नाही तर अकरा नंबरवालीला विचारा. ती सांगेल."

बघा. किती सोपं होतं.

आत्ताच खाली जाऊन लावून आले. तुमच्याच तीन नंबरच्या वाफ्यात, मधोमध, दोन विटांच्या बेचक्यात काठी ठोकून. कमिटीने तो वाफा मला दिलाय, आणि नसता दिला तरी घेतला असता. सुतळी पुरली नाही. तुमच्या त्या पायजम्याच्या पट्ट्या अजून तिथेच होत्या, विटेखाली, मी ठेवल्या तशा. तुम्ही पण उचलल्या नव्हत्या. त्यांनीच बांधली पाटी. घट्ट, दुहेरी गाठ. या वेळी सोडणार नाही.

म्हणा आता काय म्हणायचंय ते. मळ्यात पाट्या नसतात म्हणा. अक्षर वाकडं आहे म्हणा, आहेच. मूर्ख म्हणा. मी तिथेच उभी होते, डोक्यावरून एक विमान आलं, चाकं बाहेर काढलेलं, एवढं खाली. मी बोट वर केलं आणि थांबले.

विमान गेलं, काका. बोला ना आता.